दुसरं लॉक

कुरुंदा
ता. ९ जानेवारी

संतराम दाजी,

मुंजाजीचा रामराम घ्या. फोन दोन डाव लावला. पयल्यांदा तुमी "हॅलो" म्हणले, मी नाव सांगितलं, तुमी ठिवून देला. दुसऱ्यांदा उचललाच न्हाई. म्हणून कागुद लिहून राहिलो. निजामाबादचा पत्ता तुमच्याच जुन्या पाकिटावरला हाय. माही शाळा चौथीपातूर, अक्षराला नावं ठिवू नका.

काम एवढंच हाय. तुमची राजदूत फटफटी तेवीस वर्सं झाले आमच्या कोठ्यात उभी हाय. औंदा हळद शिजवायला मोठा ढोल आणला, त्याला जागा पायजे. मी भंगारवाल्याला बोलावलं तर प्रतिक्षा आडवी आली.

"माही आई ह्याच गाडीवर शेवटची बसली. ही भंगारात घालता?"

"मंग काय पाटावर बसवू तिला?" म्हणलं.

"चालू करून द्या. मी चालवते."

वसमतला दवाखान्यात नर्स हाय ती आता, तुमाला ठाऊक आसंल का नसंल. तिथं खोली करून राहाती, ऐतवारी घरी येती. तिच्याकडं स्कुटी हाय, तरी हे खूळ. बापावर गेली, दुसरं काय.

तर गाडी तिच्या नावानं करायला तुमची सही लागती. फॉर्म संगं घातलेत, फुल्या मारल्या तिथं सह्या करा न धाडा. बाकी काही लिहायची गरज न्हाई. तुमी गाडी दामटली, माही बहीण सत्यशीला गेली. मारुतीच्या पारावर पाच माणसात त्याचा निकाल लागला, मंग कोर्टात बी लागला. मला ते उकरायचं न्हाई.

इंजिन पार जाम हाय. किकवर उभं राहिलं तरी हालत न्हाई. प्लग काढून आत डिझेल ओतून ठिवलंय. मुरलं की ब्लॉक सुटंल. रिंगा घालतो, चालू करतो न पोरीच्या हवाली करतो. सत्तरी झाली, पण कुरुंद्यात कुणाचं पाण्याचं इंजिन बंद पडलं की अजून माह्याच दारात येतात.

मुंजाजी


कुरुंदा
ता. २१ जानेवारी

दाजी,

सह्या पोचल्या. संगं चिट्टी न्हाई, तेच बरं. प्रतिक्षा फॉर्म हातात घिऊन किती येळ पाहत बसली. "बाबांचं अक्षर असं हाय व्हय," म्हणती. मी म्हणलं, अक्षर काय पाहती, फुलीवर सही हाय का तेवढं पाहा.

ब्लॉक तीन दिवसामागं निघाला. लाकडी मोगरीनं हाणून हाणून ढिला केला. रिंगा अडकल्या व्हत्या. एवढ्या वर्सानं कोणतं बी इंजिन अडकतंच. दुसरं काही न्हाई. आतून जरा खराब झाला व्हता, नांदेडला लेथवर धाडलाय.

एक इचारायचं व्हतं. सहज.

तवा दसऱ्याला तुमी दोघं लेकराला घिऊन आल्ते. मी तुमच्या गाडीला नवा पिस्टन न रिंगा घातल्या, इंजिन भरून देलं. लेकराला ताप आला म्हणून ते आमच्याकडं ठिवलं न तुमी दोघं तुमच्या गावाला, साखऱ्याला निघाले. तर तिथून निघाल्यापासून औंढ्याच्या पुढं पुलापाशी पडस्तोवर, मधी कुण्या मेस्त्रीला गाडी दाखवली व्हती काय? आवाज येतो म्हणून कुणी हेड खोललं आसंल? न्हाईतर आमच्याच गावात, मी शेतात गेल्यावर, कुणी हात लावला आसंल? नीट आठवा. घाईनं न्हाई म्हणू नका.

आठवलं की व्हय का न्हाई तेवढं लिहा. कार्डावर लिहा, पाकीट नको. लवकर लिहा.

काही झालं न्हाई. सहज इचारलं. थंडी लई हाय औंदा.

मुंजाजी


कुरुंदा
ता. ३० जानेवारी

दाजी,

कार्ड काल आलं. "इंजिन तुमच्या हातचं. मधी कुणाचा हात लागला न्हाई. काहून इचारता?"

काहून इचारतो ते सांगतो. मागच्या कागदात मी खोटं लिहिलं.

पिस्टनच्या पोटातून एक पिन आडवी जाती, बोटाएवढी जाड. ती डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून तिच्या दोन्ही तोंडाला एक-एक लॉक बसवतात. लॉक म्हणजे काय, तारेचं बारीक कडं. नखाएवढं, एका बाजूनं उघडं, टोकाला जरा वाकडी शेपटी. पिस्टनला खाच असती, तिच्यात दाबायचं, टक वाजतं, झालं. एक डावीकडं, एक उजवीकडं. ह्याच्यात चुकायला काही न्हाईच.

मी ब्लॉक वर उचलला तर डावीकडचं लॉक जागच्या जागी. उजवीकडं काहीच न्हाई.

पिन तिकडून निम्मी बाहेर आल्ती न ब्लॉकच्या भिताडात रुतून बसल्ती. भिताडाला वरून खालपातूर घळ पडली हाय, नांगराचं तास असतं तशी. पिस्टनचा टवका उडून मधी अडकला. चालतं इंजिन जागच्या जागी थांबलं. इंजिन थांबलं म्हणजे मागचं चाक थांबलं, दाजी. बिरेक न दाबता.

तुमी हेच म्हणत व्हते.

मी तिथंच भुईवर बसलो. सुभद्रा घरातून वरडून राहिली, "चहा निवला, का चहाला बी डिझेल पायजे?" मला ऐकू येत व्हतं.  मी ती पिन बोटानं चाचपत राहिलो.  सत्यशीला गेली तवा तर मी लई वरडलो व्हतो.

मंग म्हणलं, लॉक निसटलं आसंल. तुटून खाली पडलं आसंल. तार हाय, तुटू शकती. खालची क्रँकची खोली चार डाव डिझेलनं धुतली. धोतराच्या फडक्यातून गाळली. लोहचुंबक फिरवलं. सायलेन्सर उलटा करून झटकला. अॅल्युमिनचा चुरा निघाला, पिनचा कीस निघाला. तारेचा तुकडा न्हाई. न खाच पाह्यली चष्मा लावून. नव्या पिस्टनची खाच नवीच हाय, तिच्यात कधी काही बसल्याची खूण न्हाई.

म्हणजे ते बसलंच न्हाई. हे लिहिलं खरं, पण लिहून बी मला पटत न्हाई. पन्नास वर्सं झाले इंजिनं भरून राहिलो. कोठ्यात जातो, पिस्टन हातात घेतो, उजवीकडून पाहतो, पुन्हा डावीकडून पाहतो. जसं काही फिरवलं की घावंल.

पारावर तुमी हात जोडले व्हते. डोक्याला पट्टी, एक पाय पलिस्तरात. म्हणले, "मुंजाजी, चाक आपोआप जाम झालं. तुमच्या देवीची आण, एक डाव इंजिन खोलून पाहा." मी म्हणलो, "माह्या हातचं इंजिन हाय. ते खोलायची गरज न्हाई." न पाची जण म्हणले बराबर हाय, मुंजाजीच्या हातचं हाय.

खोलायला तवा एक तास लागला असता.

मुंजाजी


कुरुंदा
ता. ५ फेब्रुवारी

दाजी,

लॉक घावलं.

कसं लिहू समजंना. जसं झालं तसं लिहितो.

चार दिवस झाले मी जुने डबे पालथे घालून राहिलो. खिळ्याचे, नटाचे, जुन्या बेरिंगचे. सुभद्रा काल सकाळी दारात येऊन उभी राहिली. "काय हुडकून राहिले एवढं? कोठ्यातले उंदरं बी बिऱ्हाड घिऊन गेले." मी डावीकडचं लॉक तिच्या तळहातावर ठिवलं. म्हणलं, "ह्याची जोडी. तुला काय कळणार, जा."

तिनं ते उजेडात धरलं. इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं. म्हणाली, "ही तर देवीची नथ हाय."

"कुणाची?"

 ती घरात गेली, देव्हाऱ्यात हात घातला, देवीच्या टाकाच्या मागून काहीतरी काढून आणलं. कुकवाचा थर एवढा बसला व्हता की पयल्यांदा मला मणी वाटला. वाटीत पेट्रोल घेतलं न त्याच्यात टाकलं. कुकू सुटलं, हळद सुटली, खाली तार दिसली. शेपटी बी तशीच.

 ती भितीला धरून उभी न मी डब्यावर बसलेलो. दोघांच्या मधी ती वाटी.

आता मला सगळं आठवतं. आधी आठवत नव्हतं का आठवायचं नव्हतं, देव जाणे. दसऱ्याची सकाळ व्हती. पिस्टन क्रँकवर चढवला, पिन घातली, डावीकडचं लॉक बसवलं. उजवीकडचं फडक्यावर पाना-पक्कडीजवळ ठिवलं व्हतं. तेवढ्यात सुभद्रानं हाक मारली, खंड्याच्या पुजेचं ताट झालं, हत्यारं आणा. आमच्या घरची रीत तुमाला ठाऊक हाय. दसऱ्याला हत्यारं धुवून पाटावर मांडायची, हळद-कुकू लावायचं, न एकदा पुजा झाली की दुसऱ्या दिसापातूर हत्याराला हात लावायचा न्हाई. मी फडकं तसंच चार कोपरे धरून उचललं न पाटावर नेऊन मोकळं केलं. पाने मांडले, पक्कड मांडली. ते लॉक झेंडूत कुठं गेलं मी पाह्यलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनापाशी आलो. डावीकडूनच बसलो, तिकडूनच सावली असती. लॉक दिसलं. म्हणलं झालेलंच हाय. वरून ब्लॉक घातला न हेड आवळलं. तुमी घाई केल्ती म्हणून असं झालं, असं लिहिणार व्हतो. तुमी घाई केली नव्हती. तुमी उसाचं दांडकं चघळत ओट्यावर बसले व्हते न म्हणत व्हते, "हळू चालू द्या मेव्हणं, आमी काय आजच जात न्हाई." मीच झपाट्यानं उरकलं. काम झपाट्यानं उरकतो म्हणूनच गावात माहं नाव व्हतं.

सुभद्राला ते पुजा उचलताना घावलं. झेंडूत एवढीशी वाकडी तार, कुकू लागलेली. तिला वाटलं देवीनं नथ देली. कुणाला सांगितली की तिचं सत्व जातं म्हणून मला बी सांगितलं न्हाई. चार दिसानं तुमी पडले. सत्यशीला गेली, पण लेकरू इथं राहिल्यानं वाचलं, म्हणून तिचा अजूनच इश्वास बसला. दर शुक्रवारी त्याला हळद-कुकू. प्रतिक्षाची परीक्षा असली की तिला त्याच्यासमोर डोकं टेकवायला लावायची.

काल ती वाटीकडं पाहून म्हणाली, "म्हणजे मी तेवीस वर्सं कशाला पाया पडले?"

"गप बस," म्हणलं.

"पोरीला बी पडाया लावलं. तिच्या आईचा जीव ह्याच्यात अडकला व्हता न तिलाच ह्याच्या पाया पडाया लावलं."

"सुभद्रे, गप बस."

"तुमी गप बसा. तुमी गप बसले असते तर त्या माणसाचं वाटोळं नसतं झालं."

चाळीस वर्सात ती माह्यासमोर असं बोलली न्हाई. देव्हाऱ्यात काल दिवा न्हाई, आज बी न्हाई.

ब्लॉक लेथवरून आलाय, नवा पिस्टन आलाय. ऐतवारी प्रतिक्षा येणार. इंजिन भरायचं हाय. मला त्या कोठ्याचं दार लोटायची भीती वाटून राहिली.

मुंजाजी


कुरुंदा
ता. ९ फेब्रुवारी

दाजी,

काल प्रतिक्षाला सांगितलं. सांगायचं असं ठरवून बसलो नव्हतो. सांगायचं न्हाई असं बी ठरवलं नव्हतं.

ती सकाळी आली न बाह्या सारून बसली. क्रँकच्या तोंडात फडकं कोंबलं, म्हणजे काही आत पडू नये. पिस्टन घेतला, त्याच्यावरला बाण सायलेन्सरकडं केला. पिनला तेल लावून सरकवली. आता लॉक. मी पक्कडीत धरलं न खाचंशी नेलं तर बोटं ऐकंनात. एकदा निसटलं, फडक्यावर पडलं. दुसऱ्यांदा निसटलं, तिच्या मांडीवर पडलं.

"सरका," म्हणली. "मी आताच जन्मलेल्या लेकराच्या हाताला सुई लावते. हे काय अवघड हाय?"

डावीकडचं बसवलं. टक. माह्याकडं न बघता फिरून पलीकडं गेली, उजवीकडचं बसवलं. टक. मंग कुणी न सांगता टाचणीनं दोन्ही फिरवून पाह्यलं, खाचंत नीट बसले का. दाजी, कुणी न सांगता. मी पाहतच राहिलो.

मंग ब्लॉक. ह्याला दोन माणसं लागतात. एकानं दोन्ही हातानं रिंगा दाबून धरायच्या, एकानं वरून ब्लॉक सरळ खाली आणायचा. मधी कुणी हात सोडला तर रिंग मोडती. ब्लॉक निम्मा खाली आल्ता, तिचे दोन्ही हात आत, माहे दोन्ही हात वर. तोंडासमोर तोंड. तवा मी म्हणलो, "तवा मी हे दुसरं लॉक घातलं नव्हतं."

"कवा?"

"तुह्या आईच्या टायमाला."

तिला कळायला थोडा येळ लागला. मी थांबलो न्हाई. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. पिन सांगितली, चाक सांगितलं, पुजेचं सांगितलं, नथ सांगितली. तिचा चेहरा दवाखान्याच्या भितीवाणी पांढरा झाला. डोळे माह्यावर. पण बोटं रिंगांवरून हालले न्हाईत.

"खाली घ्या," म्हणाली.

"काय?"

"ब्लॉक खाली घ्या. मी धरल्यात रिंगा."

ब्लॉक खाली बसला. ती उठली न हौदावर गेली. साबण लावला, हात धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. कोपरापातूर. सुभद्रा टॉवेल घिऊन उभी, तिच्याकडून घेतला न्हाई. मंग तिथूनच मला इचारू लागली. आवाज चढवला न्हाई, रडली न्हाई. रोग्याला इचारतात तसं.

"बाबा पेलेले व्हते का?"

"न्हाई."

"पण तुमी कोर्टात सांगितलं, तोंडाला वास येत व्हता."

"सांगितलं."

"आल्ता का वास?"

"न्हाई."

हे तुमाला बी लिहून देतो, दाजी, म्हणजे कागदावर राहील. वास आला नव्हता. तुमाला जीपमधून उतरवलं तवा मी जवळ व्हतो. रक्ताचा वास व्हता न डेटॉलचा. वकिलानं इचारलं न माह्या तोंडातून व्हय निघालं. मंग ते परत घेता येईना. सहा महिने तुमी आत व्हते. मी जेवत व्हतो, झोपत व्हतो, इंजिनं भरत व्हतो.

"बाबांनी माह्या नावानं कवा काही धाडलं?"

मी आत गेलो न पेटीतून तुमची पाकिटं काढून आणली. दर साली एक. एक बी फोडलेलं न्हाई. तिला देलं न्हाई, फाडून टाकायची हिंमत झाली न्हाई. तिनं मोजले न्हाईत, पाह्यले न्हाईत, ओढणीत बांधले.

"पुरं करा," म्हणली. इंजिनाकडं बोट केलं. "अर्धं ठिवू नका."

पुढचं एकट्यानं केलं. पॅकिंग ठिवलं, हेड घातलं, नट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळले. मॅग्नेट, कारबोरेटर, प्लग. पाच डाव किक मारली. सहाव्याला लागलं. तेवीस वर्सं बंद पडलेली गाडी, पण आवाज असा की घड्याळ. कोठा धुरानं भरला. शेजारचे लोक दारात आले. एक पोऱ्या टाळ्या वाजवू लागला, त्याच्या आईनं त्याला मागं वढलं.

प्रतिक्षा धुरातून आली. चावी फिरवून बंद केलं. म्हणली, "एवढं चांगलं भरता येतं तुमाला."

एवढंच म्हणली न घरात गेली. मी तिथंच उभा राहिलो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मुंजाजी


कुरुंदा, एसटी स्टँड
ता. ११ फेब्रुवारी

दाजी,

हा कागुद टपालानं येणार न्हाई. प्रतिक्षा आणून राहिली. नांदेडच्या गाडीला अजून टाइम हाय. ती पलीकडच्या बाकड्यावर बसली हाय न मी इकडं मांडीवर वही ठिवून लिहून राहिलो. तिला म्हणलं आदी फोन कर बाबाला. म्हणली, न्हाई, जाऊनच उभी राहाते.

आदी पारावरचं सांगतो. काल सकाळी जुना पिस्टन फडक्यात बांधून गेलो. तिनं सांगितलं म्हणून न्हाई. तिनं एवढंच इचारलं, "तिथं सांगितलं का?" तवाच्या पाच माणसातले तीन गेले. एक पोराकडं पुण्याला. राहिला ग्यानबा, न तो बहिरा. त्याच्या कानाशी बसून सांगू लागलो तर म्हणतो, "मोठ्यानं बोल, बाईवाणी काय कुजबुज करतो!" मंग मोठ्यानं बोललो. हाटेलातले लोक बाहेर आले. दुधाची गाडी थांबली. शाळेचे मास्तर सायकल धरून उभे. सगळं त्यांच्यासमोर, वरडून. "इंजिनात खोट माही व्हती. संतराम पेलेला नव्हता. मी कोर्टात खोटं बोललो."

ग्यानबानं पिस्टन हातात घेतला, भोकात बोट घालून पाह्यलं. म्हणाला, "मंग आमी पाची बी खोटे ठरलो की रे."

"व्हय."

"मी तर त्याला म्हणलो व्हतो, तोंड काळं कर." मंग बराच येळ त्यानं पिस्टन मांडीवर धरून ठिवला. "मला काय सांगतो हे? मी आज हाय उद्या न्हाई. त्याला सांग."

"लिहिलंय."

"लिहून काय व्हतं, गाढवा."

बराबर बोलला. पण मी आलो तर तुमी दार उघडणार न्हाई, न उघडू बी नका. वसमतच्या वकिलाला इचारलं हाय, जुना निकाल फिरतो का. तो म्हणाला अवघड हाय, आदी मी खोटं बोललो ते मी स्वतः लिहून द्यावं लागंल. देलं हाय लिहून. खोट्या साक्षीचं मला जे व्हायचं ते होऊ द्या. एक नक्कल तिच्याजवळ हाय, तुमच्यासाठी.

सुभद्रानं तिच्यासाठी शिदोरी बांधली व्हती. नेली न्हाई. ओट्यावर तशीच हाय.

तिचं थोडं सांगतो, तुमाला ठाऊक नसंल. दुधाचा चहा पेत न्हाई, पोटात जळजळ व्हती. झोपताना एक पाय पांघरुणाच्या बाहेर काढती, लहानपणापासून, तो झाकायला जाऊ नका, जागी व्हती. राग आला की बोलत न्हाई, भांडे घासायला बसती. घासू द्या. दोन दिस लागतात. ह्या टायमाला किती लागतील सांगता येत न्हाई.

ती परत येणार का न्हाई मी इचारलं न्हाई. तुमी बी इचारू नका. तिचं तिला ठरवू द्या.

दोन वर्साची व्हती तवापासून ती मला अप्पा म्हणती. शाळेत, दवाखान्यात, सगळीकडं माहं नाव अप्पाच. आज सकाळी पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात उभी राहिली न म्हणली, "येते, मामा." सुभद्रानं पदर तोंडात कोंबला. मला पयल्यांदा वाटलं मागं कुणी आलंय.

पण बराबर हाय. मी मामाच हाय. बाप तुमी हायत.

गाडी लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही न्हाई. आदी जेवू घाला, मंग काय बोलायचं ते बोला.

मुंजाजी